फळा

गोळीबार चौकात माझं कूलर-दुरुस्तीचं दुकान,
बाहेर काळा फळा, तीन बाय दोनचा.
नऊ वर्षं रोज साडेसातला
शटर अर्धं वर करून मी त्यावर सुविचार लिहितो.
अक्षर छान आहे, असं सगळेच म्हणतात.
काय लिहिलंय, याबद्दल कोणी काही म्हणत नाही.

सुरुवातीला तसं नव्हतं.
पहिल्या दिवशी लिहिलं होतं,
'निनावे यांची शेळी सापडली. दुकानात बांधली आहे.'
निनावे धावत आले, एकाच पायात चप्पल,
आणि शेळीनं तोवर वाळ्याची अर्धी ताटी खाल्ली होती.
मग वाटलं, फळा आहेच तर काही चांगलं लिहावं.

चांगलं म्हणजे काय, तर श्रम, संयम, आईवडील, दिवा, वात.
बर्डीच्या फुटपाथवरून दहा रुपयांची पुस्तिका आणली.
ती संपली, तर तीच मागून पुढे सुरू केली.
'वेळ अमूल्य आहे' कितीदा लिहिलं, मोजलं नाही.
वेळ नव्हता.

यंदाच्या मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांत,
समोर टँकरची रांग.
रंजू मौंदेकर, आठवीतली, दोन गुंड घेऊन उभी.
फळा मोठ्यानं वाचला तिनं : 'संयमाचं फळ गोड असतं.'
म्हणाली, "काका, हे तुम्ही कोणाले सांगून राहिले?"
ती नऊपासून उभी होती. टँकर साडेअकराला आला.
मी पंपाची वायर सोलत राहिलो,
सोलायची होती त्याहून बरीच जास्त.

रात्री छतावर गादी टाकली, झोप नाही.
परातेबुवांचा माग बंद पडला तो दिवस आठवला.
खट्-खटाक, खट्-खटाक, माझं घड्याळच होतं ते.
ते थांबलं, आणि मी कालचं पुसून
लिहिलं होतं : 'श्रम हीच पूजा.' वळणदार.
बुवांनी वाचलंच असेल.
जाताना हात केला होता त्यांनी, रोजच्यासारखा.

दुसऱ्या दिवशी लिहिलं,
'काल टँकर साडेअकराला आला. अकरा गुंड रिकामे परत गेले.'
लोक थांबले. फोटो निघाले.
पांढऱ्या शर्टातला एक जण गाडीवरून न उतरताच म्हणाला,
"भाऊ, सुविचारच बरे होते."

पण आठ दिवसांत फळ्याचं कोर्ट झालं.
याची नाली, त्याची भिंत,
कोणाची सून कोणाशी बोलते तेही.
मी लिहीत गेलो, हात धावतच होता.
हेही आपलं नव्हे, हे कळायला एक भांडण लागलं.
त्यात माझा बारा नंबरचा पाना गेला,
अजून सापडला नाही.

तर आता असं ठरवलंय,
ठरवलंय म्हणजे, बघू :
या खुर्चीवरून दिसेल तेवढंच,
आणि ज्याचं असेल त्याला विचारून.
काही नसेल तर फळा कोरा.
कोरा फळाही लोक वाचतात,
मान तिरपी करून. पाहिलंय मी.

आज पहाटे परातेबुवांकडे गेलो.
म्हटलं, तुमच्या मागाबद्दल लिहू का? चार वर्षं उशिरा विचारतोय.
ते तंबाखू मळत राहिले, मग म्हणाले,
"लिह. पण बंद पडला असं नको लिहू.
शेवटचं लुगडं कोन्या रंगाचं होतं, थे लिह."
कोणत्या?
"तपकिरी."
आतून काकू म्हणाल्या, "जांभळं होतं. काठ हिरवा."
दोघांचं जमेना. चहा झाला, तरी जमेना.

साडेसातचे नऊ वाजले, शटर अजून अर्धंच.
घामानं खडू ओला झालाय, उमटत नाही नीट.
'शेवटचं लुगडं जांभळं होतं, काठ हिरवा,' एवढं लिहिलंय,
आणि खाली बुवांसाठी
एक ओळ सोडलीय.